दरहजारी चोवीस म्हणजे नेमके कोण?

व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या शहरांमधल्या साथींवर मागच्या महिन्यात लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांतल्या काही शंका इथे घेतो.

प्रश्न: एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर इंग्लंडचे सरासरी आयुर्मान चाळिशीचे होते म्हणता. मग चाळिशीतच माणूस म्हातारा व्हायचा का? (सांगली)

नाही हो. सरासरी खाली ओढली ती तान्ह्या मुलांनी. हजार जन्मांमागे दीडशेच्या आसपास मुले पहिला वाढदिवस पाहत नसत, दाटीच्या शहरांत त्याहून जास्त. त्यातून वाचलेल्यांपुढे गोवर, डांग्या खोकला, स्कार्लेट फिव्हर (अंगावर लाल पुरळ उठवणारा ताप) आणि घटसर्प उभेच. पाच वर्षे पार केलेल्या मुलाला मात्र सरासरीने आणखी पन्नासेक वर्षे मिळत.

शहराच्या आकड्याचेही तसेच. १८६०च्या दशकात लंडनचा मृत्युदर हजारी २४च्या आसपास होता, म्हणजे वर्षाला हजार माणसांमागे चोवीस मृत्यू, लिव्हरपूलचा तिशीच्या बराच वर. पण 'लिव्हरपूल' म्हणजे गोदीजवळची तळघरे की टेकडीवरचे बंगले, हे तो आकडा सांगत नाही. विल्यम फार हा सरकारी आकडेतज्ज्ञ म्हणे, सर्वांत निरोगी जिल्ह्यांत हजारी १७ मरतात, तर त्यावरचे मरण टाळता येण्याजोगे धरा. त्याचा हा हिशेब मला आजही पटतो.

प्रश्न: प्रतिजैविके नव्हती, तरी मृत्यू घटले कसे? (नाशिक)

पटकी (कॉलरा) आणि विषमज्वर (टायफॉइड) स्वच्छ पाण्याने घटले. जर्मनीतले १८९२चे हॅम्बुर्ग पाहा. हॅम्बुर्ग आणि आल्टोना ही खेटून वसलेली शहरे, दोघांचे पाणी एल्ब नदीचेच. आल्टोना तर प्रवाहाच्या खालच्या अंगाला, म्हणजे हॅम्बुर्गचे सांडपाणी मिसळल्यावरचे पाणी उचलणारे. पण ते वाळूतून गाळून पुरवले जाई. हॅम्बुर्गचे नगरशेठ खर्चाचा घोळ घालत बसले आणि काही आठवड्यांत साडेआठ हजारांच्या आसपास माणसे गेली. सीमेवरच्या रस्त्यांत एका बाजूला पटकी आणि समोरच्या बाजूला जवळजवळ नाही, असे चित्र होते.

देवी आटोक्यात आली ती लसीने, तीही १८७१-७२च्या साथीत इंग्लंड-वेल्समध्ये चाळीस हजारांहून अधिक बळी गेल्यानंतर कायदा कडक झाला तेव्हा. क्षयाचे कोडे मात्र अवघड आहे. जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉखने जंतू दाखवला १८८२ साली, औषध मिळाले १९४०च्या दशकात. आपल्या आनंदीबाई जोशी १८८७मध्ये क्षयानेच गेल्या. तरी इंग्लंडात क्षयाचे मृत्यू शतकाच्या मध्यापासूनच उतरत होते. मृत्युदराचे अभ्यासक थॉमस मॅकिऑन यांनी या घटीचे श्रेय सुधारलेल्या आहाराला दिले, इतिहासकार सायमन श्रेटर यांनी नगरपालिकांच्या कामाला. मी दुसऱ्या पारड्यात बसतो. भाकर महत्त्वाची खरी, पण गटारे आपोआप बांधली गेली नाहीत.

प्रश्न: मग तान्ह्यांचे मृत्यूही घटले असतील ना? (डोंबिवली)

इथेच मेख आहे. एकूण दर उतरत असताना अर्भकमृत्यू शतकाच्या अखेरपर्यंत हटूनच बसले होते. १८९९मध्ये इंग्लंड-वेल्सचा आकडा हजार जन्मांमागे १६३ होता. कारण उन्हाळी हगवण. १८९०च्या दशकातले उन्हाळे कडक गेले, रस्ते घोड्यांच्या लिदीने भरलेले, त्यावर माश्या.

त्यात त्या काळची दुधाची बाटली. चपट्या काचेच्या बाटलीत उतरणारी लांब रबरी नळी, टोकाला बोंडले. पाळण्यात बाटली ठेवली की बाळ आपले आपण चोखत राही, आई कामाला मोकळी. सोय उत्तम, पण नळी आतून घासायची कशाने? दूध आत चिकटून आंबे. अशा बाटल्यांना पुढे लोक 'खुनी बाटल्या' म्हणू लागले. अंगावर पिणारी मुले त्या मानाने तगत.

प्रश्न: मुंबईचे त्या काळचे आकडे इंग्लंडशी ताडून पाहता येतील का? (ठाणे)

जपून. सप्टेंबर १८९६मध्ये डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मांडवीत प्लेग ओळखला आणि गिरण्यांतली माणसे कोकणात, घाटावर पळाली. मृत्युदर काढताना भागायचे कशाने? १८९१च्या ८.२२ लाख लोकसंख्येने की १९०१च्या ७.७६ लाखांनी? वर सरकारी झडतीच्या भीतीने आजारी माणसे आणि मृत्यूही लपवले जात. म्हणजे भागाकारातला वरचा आकडा (मृत्यू) कमी, खालचा (लोकसंख्या) डळमळीत. १९००मध्ये ग्लासगोतही प्लेग शिरला होता, पण तिथे ३६ रुग्ण आणि १६ मृत्यूंवर थांबला. तो हिशेब बोटांवर होतो, मुंबईचा नाही.

प्रश्न: जुन्या इंग्रजी नोंदींत 'टायफस' दिसतो. तो टायफॉइडच का? (बेळगाव)

दोन वेगळे रोग. टायफस उवांमुळे, टायफॉइड म्हणजे विषमज्वर दूषित पाण्या-अन्नामुळे. पण इंग्लंडच्या सरकारी तक्त्यांत ते वेगळे मोजले जाऊ लागले १८६९पासून. तुमच्या नोंदीवर त्याआधीचे साल असेल, तर नुसत्या शब्दावरून उवांवर खापर फोडू नका.