वीस तारखेला पैसे संपतात तेव्हा

प्रश्न : ताई, दोन वर्षांपूर्वी माझ्या नवऱ्याची नोकरी गेली आणि आठ महिने घर माझ्या एकटीच्या पगारावर चाललं. तेव्हा पर्सनल लोन घेतलं, कार्ड वापरलं, धाकट्या बहिणीकडून हातउसने घेतले. आता दोघांचे पगार सुरळीत आहेत. खरे आकडे लिहायला संकोच वाटतो, म्हणून दोघांचा मिळून पगार १०० धरते. भाडं २२, लोनचा हप्ता २४, लोन लवकर फिटावं म्हणून वर १० जादा, बहिणीला ५, कार्डाची किमान रक्कम ४. उरलेल्या ३५ मध्ये घर चालवते. वीस तारखेला पैसे संपतात आणि पुन्हा कार्ड बाहेर निघतं. लोनला वर्षाला १३ टक्के व्याज आहे, कार्डाला महिन्याला ३ टक्के. कार्डाची बाकी ८० वर गेली आहे आणि वाढतेच आहे. मी पै-पैचा हिशेब वहीत लिहिते, त्यावरून नवऱ्याशी भांडणं होतात. माझ्या चष्म्याचा नंबर बदललाय, पण वर्षभर टाळतेय. दीर म्हणतात, अंथरूण पाहून पाय पसरा. आणखी किती आखडू?
— वहीतली बाई

उत्तर :

पत्रासोबत तुम्ही वहीची तीन महिन्यांची पानं पाठवलीत, ते फार बरं झालं. मी ती दोनदा वाचली. तुमच्या दिरांनी ती पाहिली असती, तर ते तसं बोलले नसते. पाय तुम्ही आधीच पोटाशी घेतले आहेत. अंथरूणच दर महिन्याला तुम्ही स्वतःच्या हाताने कापून देता आहात.

वहीप्रमाणे तुमच्या घराचा खरा खर्च ३५ नाही, ४५ आहे. तिन्ही महिने तो ४४ ते ४६ च्या आतच आहे. त्यात किराणा, वीज, गॅस, प्रवास, मुलांच्या वह्या, औषधं. उधळपट्टी म्हणावी अशी एक ओळ मला सापडली नाही. म्हणजे दर महिन्याला १० कमी पडतात आणि ते कार्डावर जातात. आणि लोनमध्ये तुम्ही जादा किती भरता? तेही १०च. ते १० लोनमध्ये भरून वर्षाला १३ टक्के व्याज वाचवता आणि तेच १० कार्डावरून महिन्याला ३ टक्क्यांनी परत घेता. एका वर्षात त्या १० वर लोनचं १.३ वाचतं आणि कार्डाचं किमान ३.६ लागतं. शिवाय मागची बाकी थकलेली असली, की बहुतेक कार्डांवर नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही. पहिल्या दिवसापासून व्याज सुरू होतं. तुम्ही प्रामाणिकपणे कर्ज फेडता आहात आणि त्या फेडण्यानेच कर्ज वाढतं आहे. चूक आहे ती एवढीच.

म्हणून पुढच्या पगारापासून लोनचा जादा भरणा बंद करा. २४ चा ठरलेला हप्ता चालू राहील, त्यामुळे तुम्ही थकबाकीदार होत नाही. ते १० घरखर्चात आणा. घरखर्च ४५ लिहा आणि तो अपराध न मानता लिहा. कर्ज असलेल्या घराने उपाशी राहूनच बजेट करायचं, असं आपल्याला वाटतं. पण जे बजेट वीस तारखेला संपतं, ते पुढच्या दहा दिवसांचं नवं कर्ज असतं. फेडण्याच्या वेगाआधी नवं कर्ज थांबणं महत्त्वाचं आहे. ते थांबेपर्यंत बाकीचं सगळं व्यर्थ जातं.

आता कार्डाकडे वळू. फोनमधल्या सगळ्या ॲपमधून त्याचा साठवलेला नंबर काढून टाका आणि कार्ड घराबाहेर नेऊ नका. मग हे गणित बघा. तुमची किमान रक्कम बाकीच्या ५ टक्के आहे. बाकी कमी झाली, की ती रक्कमही कमी होते आणि दिलासा वाटतो. त्या दिलाशात फसायला होतं. दर महिन्याला ३ टक्के व्याज चढतं आणि ५ टक्के उतरतात, म्हणजे एकही नवी खरेदी केली नाही तरी बाकी निम्मी व्हायला सुमारे ३२ महिने लागतात. याउलट, स्टेटमेंटवर कितीही कमी आकडा येवो, आजचे ४ तेवढेच भरत राहिलात, तर साधारण ३१ महिन्यांत अख्खं कार्ड मिटतं. खिशातून आजच्यापेक्षा जास्त काहीही जात नाही. बँकेत आपोआप भरण्याची सूचना ‘किमान रक्कम’ अशी असेल, तर ती ठरावीक रकमेची करून घ्या.

याहून लवकर सुटायचं असेल, तर वाट बहिणीकडून जाते. तुम्ही लिहिलंय की तिने एकदाही पैसे मागितले नाहीत, तुम्हालाच तिच्यासमोर मान वर करता येत नाही. मला हे समजतं. माझ्या संसारातही एक काळ असा होता, की ज्या माणसाने अडीनडीला पैसे दिले त्याचाच फोन मी टाळत होते. पण तिचे पैसे बिनव्याजी आहेत आणि कार्ड महिन्याला ३ टक्के खातंय. तिला सगळे आकडे दाखवा आणि विचारा, की वर्ष-सव्वा वर्ष ५ ऐवजी २ दिले तर चालेल का. परस्पर ठरवून कमी पाठवू नका. तिलाही तिचा संसार आहे, ती नाही म्हणाली तर तो तिचा हक्क. हो म्हणाली, तर कार्डात ४ ऐवजी ७ जातील आणि पंधराव्या महिन्यात कार्ड शून्यावर येईल. त्यानंतर मोकळे होणारे ७ आधी तिला द्या. लोन लवकर फेडायचा विचार त्याच्या नंतर.

वहीत मला एक मोठी फट दिसली. शाळेची फी, विम्याचा हप्ता, गाडीची सर्व्हिसिंग यांतलं काहीही त्या तीन महिन्यांत आलेलं नाही, म्हणून ते हिशेबातच नाही. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच. मागच्या बारा महिन्यांचं बँक स्टेटमेंट काढा, वर्षातून एकदा-दोनदा येणारे सगळे खर्च जोडा, बाराने भागा आणि तेवढी रक्कम पगाराच्या दिवशीच वेगळ्या खात्यात टाका. ती ४५ मधूनच काढावी लागेल. इथे खरी काटकसर करायची आहे आणि ती सोपी नाही, हे मी तुमच्यापासून लपवत नाही. बोनस किंवा अचानक काही मिळालं, तर तेही कार्डात न भरता आधी याच खात्यात ठेवा. नाहीतर पहिल्या तापाला कार्ड पुन्हा बाहेर निघेल.

घरखर्चाचे चार आठवडे पाडता ना? मग अठ्ठावीस दिवसच होतात आणि शेवटचे दोन-तीन दिवस कुणाच्याच वाट्याला येत नाहीत. त्यापेक्षा पाच भाग करा, प्रत्येकी सहा दिवसांचा. महिना ३१ चा असेल तर एका दिवसापुरतं बाजूला ठेवा. सहाव्या दिवशी पैसे कमी पडले, तर तेव्हाच कळेल. विसाव्या दिवशी कळून करता काहीच येत नाही.

राहिली भांडणं. आठ महिने घरी बसलेल्या माणसाला रोज संध्याकाळी ‘आज काय खर्च केलास?’ हा प्रश्न कसा ऐकू येत असेल, याचा विचार करा. तुम्ही हिशेब विचारता, त्यांना त्यात त्या आठ महिन्यांचा जाब ऐकू येतो. दोघांनाही महिन्याला एक-एक अशी रक्कम ठेवा, जिचा हिशेब कुणी कुणाला विचारायचा नाही. आणि वही आळीपाळीने लिहा, एक महिना त्यांनी. आकडा स्वतःच्या हाताने लिहिला, की तो आरोप वाटत नाही.

बहिणीला फोन पगाराच्या आधी करा. आणि पहिल्या महिन्याच्या ४५ मध्ये चष्मा धरा. डोकं दुखत असताना इतक्या बारीक अक्षरात तुम्ही तीन महिने हिशेब लिहिलात.