सारस दाखव, पण त्याचं धानही दाखव

तुझे सारस पक्ष्याचे फोटो पाहिले. पक्षी धारदार आलाय, पण तो गोंदियाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, उभा आहे की पिंजऱ्यात, ते कळत नाही. मोठी लेन्स काही दिवस बॅगेतच राहू दे, ७०-२०० मिमीची लेन्स घे. सारस जवळपास सहा फूट उंच. तरी धानाच्या बांध्या, पळसांची रांग आणि मामा (माजी मालगुजारी) तलावाचं पाणी यांच्यात तो फ्रेमचा दहावा भागच व्यापू दे. त्याचं मोठेपण तिथेच दिसतं.

अ‍ॅपर्चर एफ/८ ठेव. उभ्या पक्ष्याला शटर स्पीड १/५०० सेकंद पुरतं, उडताना १/१६०० च्या खाली जाऊ नको. हिवाळ्यात उजाडायच्या आधीच तलावाच्या पाळीवर (बांधावर) जाऊन बस. क्षितिज त्याच्या मानेतून जाऊ देऊ नको. कॅमेरा खाली घेतलास की मान आभाळात येते.

पावसाळ्यात घरट्याकडे मात्र अजिबात जायचं नाही. मी एकदा फार जवळ गेलो, पक्षी अंड्यांवरून उठला आणि बराच वेळ परतलाच नाही. तो फोटो मी आजवर कुणाला दाखवलेला नाही.

आणि बांधीत पाय टाकण्याआधी शेतकऱ्याला विचार. आदल्या संध्याकाळी जोडी कुठे उतरली, तेही तोच सांगेल.