खाणारी तोंडं मोजण्याआधी

प्रिय मित्रा,
अनेक आशीर्वाद.

तुझा लेख वाचला. ‘खाणारी तोंडं वाढली म्हणून भूक वाढली’ हे पहिलंच वाक्य खोड. 1960 साली जगात साधारण 300 कोटी माणसं होती, 2022 च्या नोव्हेंबरात 800 कोटी झाली. एवढ्या काळात माणशी धान्य घटलं नाही, उलट वाढलं. तरी संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार 2023 मध्ये सत्तर कोटींच्या आसपास लोक अर्धपोटी होते. मग अडतं कुठे?

दोन दुष्काळ शेजारी ठेवून बघ. 1943 चा बंगाल: ब्रह्मदेश जपानने घेतल्यामुळे तिकडचा तांदूळ थांबला, युद्धखर्चाने भाव भडकले. तरीही अमर्त्य सेन यांच्या हिशेबाने त्या वर्षी बंगालात 1941 पेक्षा, म्हणजे दुष्काळ नसलेल्या वर्षापेक्षा, तांदूळ जास्तच होता. (हा हिशेब सगळ्यांना मान्य नाही, विरोधकांचंही वाच.) वीस ते तीस लाख माणसं मेली. त्यांत शेतमजूर, कोळी, कारागीर जास्त. भावाला त्यांची कमाई पुरेना. कलकत्त्याच्या कारखान्यांतल्या कामगारांना मात्र स्वस्त धान्य मिळत होतं. सरकारने दुष्काळ जाहीरसुद्धा केला नाही. जाहीर केला असता तर नियमाने लोकांना मजुरी देणारी सरकारी कामं काढावी लागली असती!

आणि 1972-73 चा आपला. ओळीने तिसरं वाईट वर्ष, विहिरी कोरड्या, जनावरं कवडीमोलाने बाजारात. इथे धान्याची तूट खरीखुरी होती. पण मे 1973 मध्ये जवळपास पन्नास लाख माणसं सरकारी कामांवर होती. खडी फोडायची, पाझर तलावाची माती वाहायची, पगार घ्यायचा. मजुरी तुटपुंजी, पगारही रखडायचे, त्यावर मोर्चे निघायचे. लाल मिलोला, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीला, नाकं मुरडत लोकांनी तीच खाल्ली. पण बंगालसारखे मुडदे पडले नाहीत. पुढे 1977 मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला, हे तुझ्या लेखात कुठेच नाही.

लोकसंख्येचा काही संबंधच नाही, असंही लिहू नकोस. नायजरमध्ये बाईमागे सरासरी सहाच्या आसपास मुलं आणि शेतीला एकच पावसाळा; तिथला ताण खराच आहे.

घरात कुणी बहात्तर पाहिलेलं असेल तर त्यांच्याशी बोल. किती पिकलं ते नको विचारूस. मजुरी काय, ज्वारी काय भावाने, पगार किती दिवसांनी, ते विचार. मग सुदानचा भाग नव्याने लिही. 2024 च्या ऑगस्टात दारफुरमधल्या विस्थापितांच्या झमझम छावणीत दुष्काळ असल्याचं जाहीर झालं. तिथे धान्याचे ट्रक कुणी आणि का अडवले, तिथून सुरुवात कर.

तुझा,
सर