मुलगा मराठीत उत्तरच देत नाही

प्रश्न: आम्ही 4 वर्षं झाली इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतोय, मुलगा 6 वर्षांचा. मराठी सगळं कळतं त्याला पण उत्तर इंग्लिशमध्येच देतो, व्हिडिओ कॉलवर आजी बिचारी नुसती बघत बसते. शाळेतल्या एका आईने तर सांगितलं की घरी पण इंग्लिशच बोला नाहीतर मूल मागे पडेल. खरंच बंद करू का मराठी?

उत्तर: अजिबात बंद करू नका ताई! घरात दुसरी भाषा बोलल्याने मूल मागे पडत नाही, उलट इंग्लंडच्या सरकारी नियमांतच आहे की नर्सरी आणि रिसेप्शनच्या (म्हणजे इथल्या शाळेतल्या पहिल्या, 4-5 वर्षांच्या वर्गाच्या) मुलांना घरची भाषा वापरायची संधी द्यायला हवी. कळतंय ना त्याला, मग अर्धं काम झालंच आहे. इंग्लिशमध्ये बोलला तर रागावू नका, तुम्ही तेच वाक्य सहज मराठीत म्हणा आणि पुढे बोलत रहा.

आणि आजीच्या कॉलचं म्हणाल तर वेळ बदलून बघा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं मागे जातात, मग भारत साडेपाच तास पुढे, म्हणजे शाळा सुटून साडेतीनला फोन लावला तर तिकडे रात्रीचे 9, आजी पेंगुळलेली आणि हा भुकेला, काय बोलणार दोघं? त्यापेक्षा शनिवारी सकाळी 10 ला लावा, तिकडे दुपारचे साडेतीन. तुम्ही मात्र मध्ये दुभाषी बनू नका, सरळ उठून स्वयंपाकघरात जा, आजीला इंग्लिश येत नाही म्हटल्यावर तो आपणच शब्द शोधतो.