दोन मिनिटांच्या ओपनिंगसाठी जॉनरचा रिसर्च नेमका कसा करायचा?

प्रश्न थोडक्यात असा: अकरावीला केंब्रिज बोर्डाचा मीडिया स्टडीज, चौघांचा गट, आणि एका काल्पनिक चित्रपटाची टायटल्ससकट पहिली दोन मिनिटं शूट करायची आहेत. हॉरर की थ्रिलर, यावर गाडी अडली आहे. मॅडमनी सांगितलंय की आधी जॉनर कन्व्हेन्शन्सचा, म्हणजे त्या-त्या प्रकारच्या सिनेमात हमखास दिसणाऱ्या संकेतांचा, रिसर्च दाखवा. नेटवर शोधलं की सगळीकडे तीच यादी मिळते: अंधार, एकटी मुलगी, करकरणारं दार, कर्कश व्हायोलिन.

ती यादी बाजूला ठेवा. खोटी आहे म्हणून नाही, तिच्यातून शॉट निघत नाही म्हणून. 'अंधार' एवढं वाचून दिवा कुठे ठेवायचा, चेहरा किती दिसू द्यायचा आणि किती वेळाने, हे कळत नाही. मी एडिटिंग करतो आणि कॉलेजच्या मुलांच्या फिल्म्स अधूनमधून माझ्याकडे येतात. यादी वाचून केलेलं ओपनिंग लगेच ओळखू येतं. सगळे संकेत हजर असतात आणि एकालाही काम दिलेलं नसतं.

म्हणून एखादा संकेत दिसला की पहिला प्रश्न हा विचारा: याने इथे काय काम केलं? 'वह कौन थी' (१९६४) ची सुरुवात बघा. वादळी रात्र, डॉक्टर एकटा गाडी चालवतोय, रस्त्यात पांढऱ्या साडीतली बाई उभी. तो तिला गाडीत घेतो, वायपर बंद पडतात, पुढचं काही दिसत नाही, आणि रस्ता ती सांगते. उतरते कब्रस्तानापाशी. भुताची पांढरी साडी आपल्याकडे चेष्टेचा विषय झाली आहे, पण इथे ती दोन कामं करते. फिल्म कृष्णधवल आहे, त्यामुळे काळ्या पावसात नजर आपोआप त्या एका पांढऱ्या आकृतीवर जाते. दुसरं म्हणजे आपल्याकडे पांढरं नेसणं वैधव्याशी जोडलेलं, म्हणजे ती तोंड उघडायच्या आधीच मृत्यूचा विषय निघालेला असतो. हीच साडी तुम्ही मोबाइलवर रात्री रंगीत शूट केलीत आणि टॉर्च मारलात, तर कापडाचा नुसता पांढरा डाग दिसेल. संकेत राहिला, काम गेलं.

आता 'लपाछपी' घ्या. मराठी हॉरर, गोष्ट घडते उसाच्या मळ्यात. अंधाराचं मुख्य काम असतं लपवणं, आणि डोक्याच्या वर गेलेला ऊस तेच काम भर दुपारी करतो. दोन हातांवर काय आहे ते दिसत नाही आणि पानांचा आवाज कुठूनही येतो. संकेत मोडायचा म्हणजे हे. अंधार काढून टाकायचा, पण त्याचं काम दुसऱ्या कोणाकडे तरी सोपवायचं. तुमच्याकडे ऊस नसेल. सोसायटीच्या गच्चीवर वाळत घातलेल्या चादरी आहेत, पार्किंगचे खांब आहेत, जुन्या इमारतीत जाळीच्या दाराची लिफ्ट असेल, जिच्यातून प्रत्येक मजला तुकड्यातुकड्याने दिसतो. रिसर्चच्या वहीत या जागांचे फोटो चित्रपटाच्या स्टिलशेजारी चिकटवा. परीक्षकाला तुमचा विचार तिथेच दिसेल.

हॉरर आणि थ्रिलरमधला फरक ठरवायला मी व्याख्या वापरत नाही. कोणाला किती माहीत आहे, एवढंच बघतो. दिग्दर्शक ऑर्सन वेल्सच्या 'टच ऑफ ईव्हिल' (१९५८) ची सुरुवात त्यासाठी दोनदा बघा, दोन वेगळ्या आवृत्त्यांत. मेक्सिको आणि अमेरिकेच्या सरहद्दीवरचं गाव, रात्रीची वेळ. एक हात टाइमबाँबचं घड्याळ लावतो, बाँब गाडीच्या डिकीत जातो, मालक आणि त्याच्यासोबतची बाई येऊन गाडीत बसतात. पुढे कॅमेरा क्रेनवरून त्या गाडीबरोबर गर्दीतून फिरतो. सगळा मिळून तीन मिनिटांहून मोठा, एकही कट नसलेला शॉट. मध्येच एक नवविवाहित जोडपं चालत येतं, कधी गाडीच्या अगदी शेजारी, कधी पुढे. त्यांना काही माहीत नाही. आपल्याला माहीत आहे. त्यांनी जरा भराभर चालावं असं वाटायला लागतं, आणि इथेच थ्रिलर सुरू झालेला असतो.

स्टुडिओने १९५८ साली जी आवृत्ती काढली, तिच्यात या शॉटवर टायटल्स आहेत आणि हेन्री मॅन्सिनीचं संगीत आहे. वेल्सला स्टुडिओने केलेले बदल पटले नव्हते. त्याने ५८ पानांचं टिपण लिहून दिलं होतं, आणि त्याच्या आधारे १९९८ मध्ये एडिटर वॉल्टर मर्च याने फिल्म नव्याने बांधली. त्या आवृत्तीत शॉटवर एकही नाव नाही आणि मॅन्सिनीचं संगीतही नाही. त्याऐवजी रस्त्यावरच्या क्लबांमधून येणारी गाणी आणि गाडीतला रेडिओ ऐकू येतो. मला ही दुसरी जास्त आवडते. नावं वाचायला लागलं की डोळा गाडीवरून सरकतो. नावं गेली की तो तिला सोडत नाही. आणि गाडी फ्रेमच्या बाहेर असली तरी रेडिओच्या आवाजावरून बाँब किती जवळ आहे याचा अंदाज लागतो. दुसरीकडे मॅन्सिनीच्या तालात एक सरळसरळ टिकटिक आहे आणि गावाचा उनाड मूडही आहे. तीही बाजू कमी नाही. शॉट तोच, फक्त टायटल्स आणि आवाज बदलले. तुम्हाला नेमकं हेच दोन मिनिटांत हाताळायचं आहे, म्हणून एका संध्याकाळी चौघांनी बसून दोन्ही बघा आणि वाद घाला.

हॉररमध्ये हे उलटं होतं. आपल्यालाही माहीत नसतं, किंवा माहीत असलेलं चुकीचं निघतं. 'हॅलोवीन' (१९७८) सुमारे तीन लाख डॉलरमध्ये झालेली फिल्म, हॉलिवूडच्या मानाने किरकोळ. सुरुवातीला कॅमेरा कोणाच्या तरी डोळ्यांनी घराबाहेरून आत जातो, सुरी उचलतो, मुखवटा घालतो, आणि मग आपल्याला दोन भोकांतून दिसायला लागतं. खून होतो. मुखवटा निघतो तेव्हा समोर सहा वर्षांचा मुलगा उभा असतो. झुडपाआडून कोणीतरी बघतंय हा शॉट त्यानंतर इतक्यांनी उचलला, की आता तो आपोआप घेतला जातो आणि मागे कोणीच नसतं. इथे पीओव्हीला, म्हणजे पात्राच्या नजरेतून घेतलेल्या शॉटला, ठोस काम होतं: खुनी कोण ते लपवायचं, तेही आपल्याला त्याच्याच जागी उभं करून.

यादीतल्या कर्कश व्हायोलिनचाही उगम बघा. हिचकॉकच्या 'सायको' (१९६०) साठी संगीतकार बर्नार्ड हर्मनने फक्त तंतुवाद्यं वापरली. पण तो प्रसिद्ध बाथरूमचा सीन खूप पुढे आहे. टायटल्स संपल्यावर दिसतं ते फिनिक्स शहर, भरदुपार. पडद्यावर वार, तारीख आणि वेळ येते, शुक्रवार, ११ डिसेंबर, दुपारचे २ वाजून ४३ मिनिटं, आणि कॅमेरा एका हॉटेलच्या खिडकीतून आत शिरतो. आत एक जोडपं जेवणाच्या सुट्टीत चोरून भेटलेलं. घाबरण्यासारखं काहीच नाही. मग पोटात गोळा का? एक तर टायटल्सच्या संगीताने आधीच अस्वस्थ करून ठेवलंय, आणि त्यात ही वेळ इतकी काटेकोर दिली आहे की कोणीतरी नोंद ठेवतंय असं वाटतं. मिनिटासकट वेळ दाखवणं हा थ्रिलरचा संकेत त्या यादीत क्वचितच सापडेल.

आता प्रत्यक्ष काम. चित्रपट पाच-सहाच घ्या, पण एकाच उपप्रकारातले. 'हॉरर' म्हणून कसलंही भरताड नको. झपाटलेलं घर, किंवा पाठलाग, किंवा 'झपाटलेला'सारखी हॉरर-कॉमेडी, यातलं एक ठरवा. त्यात एक तरी तुमच्या प्रेक्षकांच्या भाषेतला हवा, एक अलीकडचा, आणि एक पडलेला. पडलेल्या सिनेमात संकेत उघडे पडलेले असतात, बिघडलेल्या भाजीत मीठ वेगळं लागावं तसे. प्रत्येकाची पहिली दोन-तीन मिनिटं शॉटनुसार उतरवून काढा: कितव्या सेकंदाला कट, शॉट क्लोज की वाइड, कॅमेरा हलतोय का, आवाज कोणता, पडद्यावर कोणाचं नाव, या शॉटमध्ये प्रेक्षकाला नवीन काय कळलं आणि काय दडवलं. शेवटचे दोन रकाने भरायला सगळ्यात जास्त वेळ लागतो आणि खरा रिसर्च तिथेच असतो. कंटाळवाणं आहे, मान्य. पण एकदा केलंत की स्टोरीबोर्ड, म्हणजे शॉट्सची चित्रं, काढताना हात थांबत नाही.

तक्ता करण्याआधी तीच दोन मिनिटं एकदा आवाज बंद करून बघा, मग स्क्रीन पालथी घालून नुसती ऐका. आवाजाचा भाग घरच्यांनाही ऐकवा आणि विचारा, कसला सिनेमा असेल? 'तुम्हाला हॉरर आवडतो का' अशा प्रश्नावलीतून हाती काही लागत नाही, सगळे 'हो, कधीकधी' लिहितात. पण आजीने नुसत्या आवाजावरून 'कोणीतरी मरणार बघ' म्हटलं, तर कोणत्या सेकंदाला म्हटलं ते लिहून ठेवा.

टायटल्सकडे गट हमखास शेवटच्या रात्री वळतात. नावांचा क्रम ठरलेला असतो: आधी निर्मितीसंस्था, कलाकार, मग चित्रपटाचं नाव, तंत्रज्ञ, आणि दिग्दर्शक शेवटी. थोडाफार फरक होतो, पण दिग्दर्शकाची शेवटची जागा बहुतेक ठिकाणी पक्की. तुम्ही चौघंच सगळं करणार असाल तरी एकच नाव सहा वेळा लिहू नका, गंमत वाटते. नाव फ्रेममध्ये कुठे येणार हे शूटच्या आधी ठरवा आणि तेवढी रिकामी जागा सोडून फ्रेम लावा. नाहीतर एडिटला बसल्यावर अक्षरं थेट नटाच्या कपाळावर येतात.

एक गोष्ट यादीत असते, पण तिच्याकडे कोणी नीट बघत नाही: संकट कोणावर येतं आणि कोणामुळे येतं. भाजलेल्या चेहऱ्याचा माणूस म्हणजे खुनी, कंदील घेतलेला नोकर म्हणजे संशयित, खेड्यातली म्हातारी म्हणजे करणी करणारी, एकटी राहणारी मुलगी म्हणजे बळी. हेही संकेतच आहेत, आणि त्यांचं काम आळशी आहे: आधीपासून असलेला पूर्वग्रह वापरून वेळ वाचवणं. कोणाचं चित्रण कसं केलंत यावर तुम्हाला रिफ्लेक्शनमध्ये, म्हणजे स्वतःच्या कामावरच्या लेखनात, लिहावं लागणारच आहे, तेव्हा तक्त्यात त्याचाही एक रकाना ठेवा. माझं मत विचाराल तर मोडायला सगळ्यात आधी हाच संकेत निवडा. कॅमेरा लागत नाही, लाइट लागत नाही, फक्त कास्टिंग बदलावं लागतं.

संगीत यूट्यूबवरून उचलू नका. स्वतः करा, नाहीतर वापरायची मुभा असलेलं घ्या आणि परवान्याची नोंद ठेवा. आवाज घरीच रेकॉर्ड करा. प्रेशर कुकरची शिट्टी व्हायच्या आधीची सळसळ मी एका मुलाच्या फिल्ममध्ये ऐकली, आणि ती विकतच्या कुठल्याही इफेक्टपेक्षा भारी होती. खोटी बंदूक किंवा सुरी घेऊन रस्त्यावर शूट करू नका, लोक घाबरतात आणि पोलीस येतात. सोसायटीत शूट असेल तर सेक्रेटरींकडून आधी लेखी परवानगी घ्या.

हॉरर की थ्रिलर, याचं माझं उत्तर: तुमच्यापैकी कोणाकडे रात्री दहानंतर शूट करू देणारी गच्ची किंवा जिना आहे का ते बघा. नसेल तर थ्रिलर घ्या, भरदुपारचा.