इलिरियन जलदेव आणि बोस्नियातलं ‘भीती ओतणं’

प्रश्न असा की बोस्नियात पाण्यावर जे घरगुती उपचार चालतात, ते प्राचीन इलिरियन लोकांच्या (रोमनांच्या आधीपासून पश्चिम बाल्कनमध्ये राहणाऱ्या जमातींच्या) जलपूजेचे अवशेष आहेत का? जागांबाबत काही ठिकाणी हो म्हणता येईल. विधींबाबत मात्र जरा दमानं घ्या.

आधी पक्का पुरावा. बिहाचजवळ प्रिव्हिलिका नावाचा झरा आहे. तिथे रोमन काळातल्या दगडी वेद्या सापडल्या, ‘बिंदूस नेपच्यून’ या देवाला वाहिलेल्या. वाहणारे कोण, तर यापोद या बहुधा इलिरियनांत गणल्या जाणाऱ्या जमातीचे प्रमुख. म्हणजे झऱ्याचा देव बिंदूस स्थानिक आणि त्याला जोडलेलं नेपच्यून हे नाव रोमन जलदेवाचं. (बिंदूस वाचून आपल्याला लगेच ‘बिंदू’ आठवतो, पण कानाला सारखं लागलं म्हणून सोयरीक जुळवू नका.) क्रोएशियात तोपुस्कोला गरम पाण्याच्या झऱ्यांपाशी विदासूस आणि थाना या स्थानिक देवतांच्या वेद्या मिळाल्या. तिथे आजही लोक उपचारासाठी येतात. देव गेले, पाणी तेच.

पण इलिरियन लोकांनी स्वतः काही लिहून ठेवलेलं नाही. आपल्या हाती आहेत ती लॅटिन शिलालेखांतली नावं. त्यानंतर स्लाव आले, चर्च आलं, उस्मानी तुर्क आले. या थरांखालून नेमकं काय टिकलं हे छातीठोकपणे सांगणं कठीण.

‘स्त्रावा’चंच घ्या. स्त्रावा म्हणजे भीती, दचकणं. घाबरलेल्या माणसाला बसवून डोक्यावरून कापड घालतात, वर पाण्याचं भांडं धरतात आणि वितळलेलं शिसं त्यात ओततात. चर्र आवाज होतो, शिशाचा वेडावाकडा गोळा बनतो आणि ते करणारी बाई त्याच्या आकारावरून भीती कशाची ते सांगते. आमची आजी दृष्ट काढताना निखाऱ्यावर तुरटी टाकायची आणि फुगलेल्या तुरटीत कुणाचं तोंड दिसतं ते बघायची; मला पहिल्यांदा तेच आठवलं. (शिसं विषारी असतं, घरी करून बघू नका.) काही लेख या विधीला बिनधास्त ‘इलिरियन’ म्हणतात. पण तुर्कस्तानातही हेच चालतं, नाव ‘कुर्शुन दोक्मे’, म्हणजे शिसं ओतणं. मग उस्मानी वाट सोडून दोन हजार वर्षं मागे कशाला जायचं?

‘नेनाचेता वोदा’चंही तसंच. सूर्योदयाआधी, कुणीही हात लावायच्या आत झऱ्यावरून भरून आणलेलं हे न उष्टावलेलं पाणी आजाऱ्यासाठी वापरतात. बल्गेरियातही हे आहे. तिथे पाणी आणताना कुणाशी बोलायचं नाही, म्हणून ते ‘मुकं पाणी’. पण तो मुलूख प्राचीन काळी प्रामुख्याने थ्रेशियनांचा, इलिरियनांचा नव्हे.

बोस्नियातल्या प्रुसाक गावाची आयवातोवित्सा ही मुस्लिम यात्रा मला यापेक्षा जास्त विचार करायला लावते. तिची कथा अशी. गावाला पाणी नव्हतं. आयवाझ-देदो या मुस्लिम संतांनी चाळीस दिवस प्रार्थना केली, स्वप्नात दोन पांढरे मेंढे एकमेकांना धडकले आणि जागे होऊन बघतात तर पाण्याची वाट अडवणारा कडा दुभंगलेला. युगोस्लाव्ह राजवटीत बंद पडलेली ही यात्रा १९९० पासून पुन्हा भरते. कथा पूर्णपणे मुस्लिम आहे. तिच्याखाली आणखी जुनं काही आहे का, हे शोधायचं तर मेंढ्यांपासून सुरुवात करावी असं मला वाटतं.