दोन मिनिटं आणि चार नावं

प्रिय सई,

इथे ब्रिटनमधल्या तुझ्या शाळेत, युद्धात गेलेल्यांच्या आठवणीसाठी, पॉपीचं लाल फूल लावून दोन मिनिटं स्तब्ध उभी राहिलीस आणि घरी आल्या आल्या विचारलंस, "आई, आपल्याकडे स्वातंत्र्यासाठी गेलेल्यांचा असा दिवस नाही का? मराठी माणसं त्या दिवशी काय करतात?" जेवता जेवता उरकायचं हे उत्तर नव्हे, म्हणून लिहून देते.

आहे ना! 30 जानेवारी, हुतात्मा दिन. 1948 साली याच दिवशी गांधीजींची हत्या झाली, पण मौन असतं ते स्वातंत्र्यासाठी प्राण दिलेल्या सगळ्यांसाठी. अकराच्या ठोक्याला भोंगा होतो, शाळा-कचेऱ्यांतले लोक हातातलं काम सोडून उभे राहतात. 23 मार्च हा भगतसिंग, सुखदेव आणि आपल्या खेडच्या राजगुरूंचा. त्या खेडला आता राजगुरुनगरच म्हणतात.

आम्हा सोलापूरकरांचा दिवस मात्र 12 जानेवारी. 1930 च्या मे महिन्यात गांधीजींच्या अटकेची बातमी आली आणि गिरण्यांचं आमचं गाव पेटून उठलं. गोळीबार झाला, माणसं गेली, दोन पोलीसही मारले गेले. सरकारनं मार्शल लॉ, म्हणजे लष्करी कायदा, पुकारला आणि त्या पोलिसांच्या खुनाचा आरोप चौघांवर ठेवला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात चौघांना फाशी दिलं.

ही नावं एका दमात म्हणून बघ. लिंगायत, मारवाडी, मराठा, मुसलमान. सोलापूरच्या गल्लीत आजही कन्नड, तेलुगू, उर्दू, मराठी एकाच वेळी कानावर पडतात. तुझ्या प्रश्नातली 'मराठी माणसं' कोण, याचं माझं उत्तर तेच आहे.

गावात चौघांचे पुतळे आहेत. आमची प्रभातफेरी तिथे जायची. झेंडूचे हार, चुन्याची रांगोळी, आणि बाई एकेक नाव घ्यायच्या, आम्ही जीव तोडून "अमर रहे!" म्हणायचो. नुसता हार घालून स्मरण होतं असं मला वाटत नाही. नाव तोंडानं घ्यावं लागतं, तो माणूस कोण होता हे ठाऊक असावं लागतं.

तिथले सकाळचे अकरा म्हणजे इथले पहाटेचे साडेपाच, म्हणून 30 तारखेला आपण इथल्या अकराला उभ्या राहू. त्याआधी 12 तारखेला आजीला फोन लाव. मार्शल लॉच्या दिवसांबद्दल तिच्या वडिलांनी सांगितलेलं तिला अजून लख्ख आठवतं. आणि चारही नावं तिला न अडखळता म्हणून दाखव.

तुझी,
आई